हे कशावरून? सातारा-सांगलीच्या शाळांत साहित्य आणि इतिहासाची साधने

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. ती बघायला गर्दी लोटली. लंडनच्या संग्रहालयाकडे या वाघनखांची एक पेटीही आहे. तिच्यावरच्या इंग्रजी मजकुरात म्हटलं आहे की याच वाघनखांनी शिवाजी महाराजांनी मोगल सेनापतीला मारलं, आणि पुढे साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला ती पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली. सातवीतलं कुठलंही मूल इथे थांबेल. अफझलखान मोगलांचा नव्हता, आदिलशाहीचा सरदार होता. म्हणजे पेटीवरचा मजकूर लिहिणाऱ्याला निदान एक गोष्ट नीट ठाऊक नव्हती. प्रतापगडावर वापरलेली वाघनखं हीच, याची खात्री करता आलेली नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं.

ही चर्चा वर्गात घेतली तर महाराजांचा मान कमी होईल, अशी भीती काही शिक्षकांना वाटते. ती अनाठायी आहे. प्रतापगडाची घटना एका वस्तूवर उभी नाही. सभासदाची बखर, परमानंदाचं शिवभारत, अज्ञानदास शाहिराचा पोवाडा आणि इंग्रज वखारवाल्यांची पत्रं अशा वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या साक्षी तिच्या पाठीशी आहेत. घटनेची खात्री वेगळी आणि वस्तूची खात्री वेगळी, हे बाराव्या-तेराव्या वर्षी ज्याला कळलं, त्याला पुढे आयुष्यभर कोणी सहजासहजी फसवू शकत नाही.

सहावी ते आठवीच्या वर्गात साहित्य आणि इतिहासाची मूळ साधनं वापरावीत का, वापरावीत तर कशी, हा प्रश्न शिक्षणाच्या चर्चेत जुना आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात त्याचा आढावा घेण्याचं कारण असं की महाराष्ट्रात साहित्य आणि साधनं यांची इतकी दाट वस्ती फार थोड्या ठिकाणी आहे. तरीही ती वर्गाच्या उंबरठ्यापर्यंतच येतात. त्यांना आत घेतलं पाहिजे, आणि एकेकटं न घेता जोडीनं घेतलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पुस्तकात काय आहे, वर्गात काय होतं

अभ्यासक्रमाला दोष देऊन मोकळं होता येणार नाही. २०१६ ते २०१८ या काळात आलेली बालभारतीची इतिहासाची पुस्तकं उघडून पाहावीत. सहावीत ‘इतिहासाची साधने’ हा पाठ आहे, सातवीत आहे, आठवीतही आहे. सहावीत प्राचीन काळाची साधनं, सातवीत मध्ययुगाची, आठवीत आधुनिक काळाची. भौतिक, लिखित, मौखिक अशी विभागणी तिन्ही वर्षी येते आणि आठवीत दृक्-श्राव्य साधनांची भर पडते. म्हणजे साधनांवाचून इतिहास नाही, हे पाठ्यपुस्तक मंडळानं सलग तीन वर्षं सांगितलं आहे.

अडचण पुढे सुरू होते. साधनांचा पाठ जूनमध्ये होतो. शिक्षक फळ्यावर तक्ता काढतात: नाणी, शिलालेख, ताम्रपट, बखरी, पोवाडे. मुलं तो वहीत उतरवतात आणि चाचणीत ‘भौतिक साधने कोणती?’ या प्रश्नाला तोच तक्ता परत देतात. मग दुसरा पाठ सुरू होतो आणि साधनं मागे पडतात. वर्षभर पुढच्या प्रत्येक पाठात विधानं येत राहतात, पण ‘हे कशावरून?’ असं कोणी विचारत नाही. ज्या पाठानं वर्षभराची नजर द्यायची, तो गाईडमधल्या चार उत्तरांत संपून जातो.

भाषेच्या तासाची गत फारशी निराळी नाही. कादंबरीतला उतारा येतो, शब्दार्थ होतात, ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ होतं, स्वमत होतं. तो उतारा कोणत्या गावचा, कोणत्या काळचा, लिहिणारा कोण, हे लेखक-परिचयाच्या चार ओळींत उरकतं. शेजारच्या तासाला तोच काळ इतिहासात शिकवला जात असला, तरी दोन तासांमधली भिंत तशीच राहते.

साधनं किती जवळ आहेत

साताऱ्याजवळच्या लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे. शाळांच्या सहली तिथे नेहमी जातात, फोटो निघतात, डबे खाऊन मुलं परततात. तिथल्या शिलालेखात बांधकामाचा काळ शके १६४१ ते १६४६ असा आहे. इंटरनेटवर कित्येक ठिकाणी हेच आकडे इसवी सन म्हणून छापले गेले आहेत. सातवीच्या वर्गाला एवढंच विचारावं: १६४१ हे इसवी सन असेल, तर तेव्हा राज्य कोणाचं होतं? शिवाजी महाराज तेव्हा अकरा वर्षांचे होते आणि विहिरीशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते थोरले शाहू महाराज जन्मालाही आले नव्हते. मग शकात ७८ मिळवायचे. उत्तर येतं १७१९, आणि सगळं जागच्या जागी बसतं. शाहू महाराजांची राजधानी सातारा, त्यांच्या परिवारातल्या विरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली विहीर, बारा मोटा चालवायची सोय, भोवती आमराई. एका बेरजेत मुलांनी छापील चूक स्वतः पकडलेली असते. ही पकड त्यांना दहा पाठांनी मिळणार नाही.

वाई तालुक्यातल्या किकलीत वीरगळ रांगेनं उभे आहेत. एका दगडावर तीन-चार चौकटी: खाली लढाई, मध्ये अप्सरांबरोबर स्वर्गाकडे जाणारा वीर, वर शिवपूजा. अक्षर एकही नाही, तरी गोष्ट पूर्ण आहे. ज्याला अजून नीट वाचता येत नाही, असं मूलही वीरगळ वाचू शकतं. अनेक गावांत असे दगड मारुतीच्या देवळाजवळ शेंदूर लावून उभे असतात आणि गावकरी त्यांना देव म्हणूनच ओळखतात.

कागदांचा वारसा तर विलक्षण आहे. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं निवडून १८९७पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला आणि त्याचे खंडामागून खंड काढले. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी नाना फडणवीसांच्या मेणवलीच्या दप्तरासह केवढे कागद, चित्रं आणि वस्तू जमवल्या. त्या संग्रहाचा मोठा भाग पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. मराठ्यांच्या इतिहासाचं संशोधन ज्यांनी उभं केलं त्यांत एक शाळामास्तर होता, ही गोष्ट आजच्या शिक्षकांनी अभिमानानं लक्षात ठेवावी.

१८८५ साली मुंबई सरकारनं काढलेलं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियरही हाताशी आहे. २०२५मध्ये आरक्षणाच्या चर्चेत त्याचं नाव घरोघरी पोचलं. त्या वादात न शिरताही आठवीच्या मुलांना विचारता येतं: हे पुस्तक कोणी लिहवून घेतलं? राज्यकर्त्यांनी. कशासाठी? सारा, बंदोबस्त, कारभार यांसाठी. मग त्यातले पिकांचे, बाजारांचे आणि रस्त्यांचे तपशील मोलाचे असणार. पण एखाद्या जातीच्या स्वभावाबद्दल त्यात काही लिहिलं असेल, तर ते साहेबाच्या खुर्चीतून दिसलेलं चित्र आहे, हेही धरून चालावं लागेल. एकाच पुस्तकातलं एक पान भरवशाचं आणि दुसरं तपासून घेण्यासारखं असू शकतं, हे समजणं म्हणजे साधन वाचता येणं.

रजिस्टर आणि आठवण

साहित्य आणि साधन जोडीनं वाचावं म्हणजे काय, याचं सर्वांत चांगलं उदाहरण साताऱ्यातच आहे. प्रतापसिंह हायस्कूलच्या जुन्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी भिवा रामजी आंबेडकर या मुलाला दाखल केल्याची नोंद आहे. नोंदीचा क्रमांक १९१४. (हा क्रमांक आहे, साल नव्हे, हे मुलांना सांगावं लागतं. न सांगता त्यांनाच शोधू दिलं तर आणखी चांगलं.) २०१७पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांतून भाषणं होतात. ती व्हावीत, पण भाषणांबरोबर एक वाचनही व्हावं.

बाबासाहेबांनी मोठेपणी लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला होते. त्यांनी सुट्टीसाठी मुलांना बोलावलं. नवे कपडे घालून भाऊ आणि भाचे मंडळी आगगाडीनं मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणीच आलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं चौकशी केली आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार, या अटीवर. जवळ भाकरी होती, प्यायला पाणी मिळालं नाही. रात्र टोलनाक्याजवळ काढली. आपण येत असल्याचं पत्र वडिलांच्या हाती पोचलंच नव्हतं, हे नंतर कळलं.

आता दोन्ही शेजारी ठेवावीत. रजिस्टर काय सांगतं? नाव, तारीख, क्रमांक. ते त्याच दिवशी लिहिलं गेलं, त्यात फेरफार करण्याचं कोणाला कारण नव्हतं, म्हणून तारखेसाठी ते भरवशाचं. पण या मुलाला वर्गात कुठे बसवलं, पाणी कोणी दिलं, हे रजिस्टर सांगत नाही. रजिस्टरापुरतं पाहिलं तर सगळी मुलं सारखीच. आठवण काय सांगते? तहान, भीती, अपमान, आणि आपण कोण आहोत हे एका पोराला स्टेशनच्या फलाटावर कसं कळलं ते. पण ती कित्येक वर्षांनी लिहिलेली आहे. मग मुलं आपणहून विचारतात: इतकं सगळं त्यांच्या लक्षात कसं राहिलं असेल? कुठल्या गोष्टी माणूस कधीच विसरत नाही? रेल्वेच्या नकाशावर मसूर स्टेशन सापडतं, तिथून गोरेगावची वाट आखता येते. सहावीतलं मूल त्या वेळच्या भिवाहून फार तर वर्षा-दोन वर्षांनी मोठं असतं. साधनानं घटनेला बैठक दिली, साहित्यानं तिच्यात माणूस उभा केला. दोहोंपैकी एक काढून घेतलं की शिकवणं लंगडं पडतं.

माणदेश आणि वारणाकाठ

याच रीतीनं या दोन जिल्ह्यांचं साहित्य वाचता येतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५मध्ये पुस्तकरूपानं आली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला पोरसवदा मास्तर, त्याच्याकडे संशयानं बघणारी वाडी, हळूहळू जडत गेलेला जीव, लोकांनी मिळून उभी केलेली तालीम, राजेसाहेबांची भेट आणि शेवटी दुष्काळानं उठून गेलेली वाडी. कादंबरी म्हणून ती मुलांना धरून ठेवतेच. तिच्या शेजारी औंध ठेवावं. भवानराव पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९मध्ये संस्थानात प्रजेला कारभार देणारी राज्यघटना लागू केली. गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रिडमन यांची मेहनत त्यामागे होती. राजेसाहेबांना व्यायामाचं, विशेषतः सूर्यनमस्कारांचं किती वेड होतं हे कळलं की कादंबरीतल्या तालमीचा अर्थ आपोआप उलगडतो. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी-वसाहत त्याच काळातली. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिताना ग. दि. माडगूळकरांसमोर हाच प्रयोग होता.

माणदेशाच्या याच मातीतून शंकरराव खरात आले. जन्म आटपाडी, १९२१. व्यंकटेश माडगूळकर माडगूळचे, १९२७. एकच पिढी, एकच दुष्काळी मुलूख, एकच संस्थान. एक कुलकर्ण्यांच्या घरातला, दुसरा तराळकी करणाऱ्या महार बापाचा मुलगा. ‘माणदेशी माणसं’मधलं एक व्यक्तिचित्र आणि ‘तराळ-अंतराळ’मधलं शाळेच्या दिवसांचं एखादं पान असं एकापाठोपाठ वाचलं, तर एकच गाव दोन दारांतून किती वेगळं दिसतं हे आठवीच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. कोणता लेखक खरा, हा प्रश्नच इथे गैरलागू. दोघेही खरे आहेत, आणि दोघांना वाचल्याशिवाय गाव पुरतं दिसत नाही.

वारणेच्या खोऱ्यात अण्णा भाऊ साठे आहेत. वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्म, ‘फकिरा’ १९५९ची. ब्रिटिशांच्या दप्तरात ज्यांची नोंद गुन्हेगार म्हणून होते, ज्यांना दिवसातून पुन्हा पुन्हा हजेरी द्यावी लागते, त्या माणसांची बाजू ही कादंबरी मांडते. १८७१पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार ठरवण्याची वाट खुली केली. ही माहिती आठवीच्या मुलाला आधी दिली, की कादंबरीतल्या हजेरीचा एक प्रसंग पुरेसा होतो. मात्र इथे शिक्षकानं एक रेघ स्पष्ट आखली पाहिजे. ‘फकिरा’ कादंबरी आहे. तिच्यामागे खरा माणूस आहे, खरं गाव आहे, पण संवाद आणि प्रसंग लेखकाचे आहेत. जी गोष्ट ‘फकिरा’ला लागू, तीच ‘स्वामी’ला, ‘श्रीमान योगी’ला आणि ‘छावा’ला. ऐतिहासिक कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट हाच इतिहास, अशी समजूत घरांत खोल रुजली आहे. कादंबरीचं मोल कमी न करता ती समजूत दूर करणं सहावी-सातवीतच शक्य असतं. पुढे मतं घट्ट होतात.

एक घटना, दोन नोंदी

१९४९पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता, आणि त्या अखंड साताऱ्यात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. तुफान सेना, न्यायदान मंडळं, कमी खर्चातली गांधी-पद्धतीची लग्नं, सावकारांना वचक. आठवीच्या पुस्तकात हे सगळं थोडक्यात येतं. येडेमच्छिंद्र, कुंडल, वाळवा, कासेगाव, कराड, वडूज, तासगाव या गावांतल्या मुलांसाठी मात्र ही पणजोबांची गोष्ट आहे.

७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम घेऊन चाललेली रेल्वेगाडी अडवून क्रांतिकारकांनी पैसे ताब्यात घेतले. सरकारी भाषेत तो दरोडा. कुंडलचे ‘कॅप्टन भाऊ’ म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड यांनी म्हातारपणी पत्रकार पी. साईनाथ यांना सांगितलेल्या हकिकतीत मात्र लुटीचा शब्द त्यांना मुळीच मान्य नव्हता. लोकांचाच पैसा लोकांसाठी परत आणला, असं त्यांचं म्हणणं. नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंनीही आपली आठवण सांगितली आहे. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवराबायकोच्या भांडणाचं सोंग करायचं, पोलीस तिकडे वळले की साथीदारांनी हत्यारं न्यायची, असा तो बेत होता.

मौखिक साधनाची ताकद आणि मर्यादा इथे एकदम दिसतात. सरकारी कागदात हौसाताईंसारख्या बाईच्या शौर्याला सहसा जागा मिळत नाही. त्यांनी सांगितलं म्हणून आपल्याला कळलं. पण सत्तर वर्षांनी सांगितलेल्या आठवणीतली तारीख किंवा रक्कम कागदाशी ताडून पाहावी लागते. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं, त्यातलं आज जवळजवळ कोणी उरलेलं नाही. त्यांच्या मुला-सुनांकडच्या आठवणी टिपून ठेवण्याची वेळ मात्र अजून गेलेली नाही, आणि त्या टिपणारे हात शाळेतच आहेत.

सगळ्याच मौखिक साधनांसाठी इतकं मागे जायला नको. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप पाटण तालुक्यातल्या आज्या-आजोबांना लख्ख आठवतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर मजल मारली. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता वरच्या वर्गांत आहेत. पुलावरची पट्टी, त्या दिवसांची वर्तमानपत्रं, घराच्या भिंतीवरची पाण्याची खूण आणि आईची आठवण अशी चार साधनं एका घरात मिळतात. ती एकमेकांशी जुळतात का, हे तपासणं म्हणजे इतिहासकाराचंच काम.

इतरत्र काय घडलं

हे प्रयोग जगात होऊन गेले आहेत, आणि त्यांच्या यशाइतक्याच त्यांच्या चुकाही उपयोगी आहेत. इंग्लंडमध्ये १९७२पासून तेरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी पुराव्यांवर आधारलेला इतिहासाचा प्रकल्प सुरू झाला. इतिहास म्हणजे पाठ करायची गोष्ट नव्हे, पुरावा तपासण्याची रीत आहे, हे त्यानं रुजवलं. पण हळूहळू परीक्षेत दोन-दोन ओळींचे तुकडे देऊन ‘हे साधन पक्षपाती आहे का?’ असे साचेबंद प्रश्न येऊ लागले, आणि मुलांनी त्याचीही ठरावीक उत्तरं घोकली. तुकडा संदर्भापासून तोडला की साधनसुद्धा पाठांतराला बळी पडतं.

अमेरिकेत सॅम वाइनबर्ग यांनी इतिहासकार आणि हुशार शाळकरी मुलं यांना एकाच घटनेची वेगवेगळी कागदपत्रं वाचायला दिली. इतिहासकार आधी लिहिणारा कोण हे पाहत होते. मुलं सरळ मजकूर वाचत गेली आणि त्यांनी सर्वांत विश्वासार्ह म्हणून पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्याला वर ठेवलं. हा शोध १९९१चा आहे, पण आपल्या कुठल्याही वर्गात आज तोच निकाल मिळेल, असं मला वाटतं.

आपल्याला सर्वांत जवळचं उदाहरण मध्य प्रदेशातल्या एकलव्य संस्थेचं. १९८०च्या दशकात तिनं नेमक्या सहावी ते आठवीसाठी सामाजिक शास्त्राची पुस्तकं तयार केली, ती मोजक्या सरकारी शाळांत वापरली आणि पुस्तक उघडं ठेवून देण्याची परीक्षा घेतली. खेड्यातली मुलं उतारा वाचून स्वतःच्या शब्दांत कारणं लिहू शकतात, हे त्यातून दिसलं. शासनानं २००२मध्ये तो कार्यक्रम बंद केला. चांगला प्रयोग केवळ चांगला असल्यामुळे टिकत नाही. व्यवस्थेत त्याची मुळं जावी लागतात.

खुद्द आपल्या भागात फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी उभी केलेली प्रगत शिक्षण संस्था आणि तिचं कमला निंबकर बालभवन आहे. मुलांच्या घरच्या बोलीला मान देऊन वाचन-लेखन पक्कं करण्याचं त्यांचं काम इथे मोलाचं ठरतं, कारण ज्याला उतारा वाचता येत नाही त्याच्यापुढे साधन ठेवून उपयोग नाही. शेजारच्या कोल्हापुरात लीलाताई पाटलांच्या सृजन-आनंद विद्यालयानं परिसर हाच अभ्यासाचा विषय करून दाखवला.

आक्षेप आणि त्यांचं वजन

‘आधी माहिती पक्की होऊ द्या, तपासणं पुढे कॉलेजात’ हा पहिला आक्षेप. माहिती लागतेच, यात शंका नाही. शकाचा हिशेब मांडायला शाहू महाराज कधी होते हे ठाऊक असावं लागतं. पण माहिती आणि तपास या एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या नाहीत. तपास करताना जी माहिती वापरली, तीच लक्षात राहते.

‘वेळ कुठे आहे?’ हा दुसरा, आणि तो खरा आहे. अभ्यासक्रम पुरा करायचा, आकारिक-संकलित मूल्यमापन, ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं. या ओझ्याखालच्या शिक्षकाला आणखी एक उपक्रम सांगणं हा अन्याय होईल. म्हणून नवा उपक्रम नको. जो पाठ शिकवायचाच आहे, त्यातलं एक विधान साधनाशी ताडायचं, एवढंच. जिल्हा परिषदेच्या लहान शाळांत पुष्कळदा एकच शिक्षक भाषा आणि समाजशास्त्र दोन्ही शिकवतो. ही अडचण या कामी सोय ठरते. दोन तासांतली भिंत पाडायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

तिसरा आक्षेप भाषाशिक्षकांचा: साहित्याला माहितीचं पोतं करू नका. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. ‘बनगरवाडी’ आधी कादंबरी म्हणून मोठ्यानं वाचावी, मुलांना तिच्यात रमू द्यावं. औंधचा कागद दुसऱ्या दिवशी काढावा.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक. आपल्या वर्गात सगळ्या जातींची मुलं शेजारी बसतात. स्टेशनमास्तरचा प्रसंग वाचताना ज्या मुलाच्या घरात अशा आठवणी आहेत, त्याच्याकडे सगळ्या माना वळता कामा नयेत. ‘तुझ्या घरी असं झालं होतं का?’ हा प्रश्न शिक्षकानं कधीही विचारू नये. प्रश्न उलट बाजूनं विचारावा: गाडीवाल्यानं असं का केलं, त्याला असं करायला कोणी शिकवलं, आणि त्याच्या जागी असलेल्यानं काय करायला हवं होतं? लाज वाटायची असेल तर ती अन्याय सोसणाऱ्याला वाटू नये. काले गावी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू करून पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत आणणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यात हे अवघड वाटू नये.

काय करता येईल

एका सत्रात एकच जोडी घ्यावी: एक साहित्याचा उतारा आणि त्याच काळाचं, शक्य तर त्याच तालुक्याचं एक साधन. वर्षाच्या दोन, तीन वर्षांच्या सहा. आठवी सोडताना मुलानं अशा सहा जोड्या नीट वाचलेल्या असतील, तर त्याची नजर बदललेली असेल. उतारा किमान पानभर असावा, म्हणजे संदर्भ तुटणार नाही. प्रश्नही ठरलेले असावेत: हे कोणी सांगितलं? केव्हा? स्वतः पाहून की ऐकून? कशासाठी? काय सांगायचं राहिलं? दुसरा कोणी वेगळं सांगतो का?

दर महिन्याच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका शिक्षकानं आपली जोडी मांडावी, बाकीच्यांनी ती घ्यावी. वर्षभरात केंद्राकडे दहा-बारा जोड्यांचा संच सहज जमेल. गावातल्या मोडी जाणणाऱ्याला शाळेत बोलवावं. शाळेचं स्वतःचं जुनं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीनं, माणसांची खासगी माहिती झाकून, वर्गात आणावं. शाळा कधी सुरू झाली, पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली, शाळा सोडण्याची कारणं काय लिहिली आहेत, यांतून गावाचा शंभर वर्षांचा इतिहास उभा राहतो.

सर्वांत महत्त्वाचं, परीक्षा बदलावी. घटक चाचणीत एक न पाहिलेला उतारा द्यावा आणि त्यावर कारणासह उत्तर मागावं. गुण उत्तराला नकोत, कारणाला हवेत. जे परीक्षेत येतं तेच वर्गात शिकवलं जातं, हा आपल्याकडचा अनुभव आहे, तर मग त्याचाच उपयोग करून घेऊ या. शैक्षणिक धोरणानुसार पाठ्यपुस्तकं बदलण्याचं काम चालू असताना ‘इतिहासाची साधने’ हा एक सुटा पाठ न ठेवता प्रत्येक पाठाच्या शेवटी एक मूळ साधन आणि एक साहित्याचा उतारा द्यावा, ही मागणी शिक्षकांनीच लावून धरायला हवी.

आजच्या मुलाच्या हातात मोबाइल आहे. त्यावर रोज कोणी तरी कोणत्या तरी राजाच्या, जातीच्या, गावाच्या नावानं काही तरी ठासून सांगत असतं. ते खरं की खोटं, हे ठरवायला शिक्षक किंवा पालक प्रत्येक वेळी शेजारी नसणार. तेव्हा त्या मुलाकडे दुसरं काही नसलं तरी ‘हे कशावरून?’ एवढं विचारण्याची सवय असायला हवी. ती सवय लावण्यासाठी लागणारं सगळं सातारा-सांगलीच्या गावांत आहे: दगड आहेत, कागद आहेत, लेखक आहेत, सांगणारी माणसं आहेत. येत्या सत्रापासून एका शिक्षकानं एका जोडीनं सुरुवात करावी. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचं कारण नाही.